शेवटचं नाव वाचा

अण्णांना गरम चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. सकाळी आठला कँटीनमधून आमच्या विभागात दोन कप यायचे. एक मी लगेच संपवायचे. दुसऱ्यावर अण्णा बशी पालथी घालायचे, कप टेबलाच्या कोपऱ्यात सरकवायचे आणि फोन हातात घ्यायचे. सहा फोन व्हायचे, मग बशी निघायची. एखाद्या दिवशी सहावा फोन दहा वाजता लागायचा. मी म्हणायचे, दुसरा मागवू का? ते मान हलवायचे आणि साय धरलेला तो गार चहा मुकाट्यानं पिऊन टाकायचे. अन्न टाकणं त्यांना पटायचं नाही.

बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही होतो. विभाग म्हणजे एक खोली, खोलीतच काचेच्या भिंतीआड थंड हवेत ठेवलेला सर्व्हर आणि आम्ही दोघं. हॉस्पिटलची खेड्यांतून सहा आरोग्य केंद्रं होती. तिथे काढलेलं रक्त दुपारच्या बसनं लॅबमध्ये यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्टांची फाईल आपोआप त्या त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर जायची. त्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं दोन जॉब लावून दिलेले होते, म्हणजे वेळ ठरवून दिली की कॉम्प्युटरनं आपणहून करायची दोन कामं. साडेसातला पहिला जॉब डेटाबेसमधून आदल्या दिवशीचे रिपोर्ट काढून गावांप्रमाणे सहा फाईली लिहायचा. माणूस वॉर्डात पडलेला असो की घरी, त्याचा रिपोर्ट त्याच्या गावाच्या फाईलीत जायचा. पावणेआठला दुसरा जॉब त्या फाईली उचलून पाठवायचा. माणसाचा हात कुठेच लागत नव्हता. पडद्यावर हिरवी खूण उमटली की काम झालं, असं सगळ्या जगानं धरलेलं होतं.

अण्णांनी धरलेलं नव्हतं. ते सहाही केंद्रांना फोन लावायचे आणि एकच सांगायचे, ‘फाईल उघडा आणि शेवटचं नाव वाचा.’ पलीकडून नाव आलं की इकडे लॅबच्या छापील यादीवर, त्या गावाच्या तळच्या नावावर बोट ठेवायचे. जुळलं की म्हणायचे ‘आयतु’, म्हणजे कन्नडात ‘झालं’, आणि पुढचा नंबर फिरवायचे.

सर्वांत शेवटी कणकुंबी. तिथे केंद्राच्या आत फोनला रेंज नसायची. नर्सबाई फाईल उघडून शेवटचं नाव तळहातावर लिहून घ्यायच्या, अंगणातल्या फणसाखाली येऊन उभ्या राहायच्या आणि तळहातावरून वाचायच्या. पावसाळ्यात छत्री धरून. कधीकधी घामानं शाई पसरायची, मग त्या परत आत जायच्या आणि अण्णा फोन कानाला लावून थांबायचे. चहा गार व्हायचा तो बहुतेक या फेऱ्यांमुळेच.

अण्णा वडगावचे, विणकराच्या घरातले. पंचविशीपर्यंत ते स्वतः मागावर होते. घरचे दोन्ही माग गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, आणि मागावर जे शिकले तेच त्यांनी शेवटपर्यंत कॉम्प्युटरवर चालवलं असं माझं मत आहे. सर्व्हरच्या कप्प्यात जाताना चपला बाहेर काढायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा विटका स्वेटर, मे महिन्यातसुद्धा. आत गेले की आधी हात शर्टाला पुसून कपाटावर तळवा टेकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मी पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि घरी उचगावला जाऊन सांगितलं की आमचे साहेब कॉम्प्युटरला नमस्कार करतात. घरचे पोट धरून हसले. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तो नमस्कार नव्हता. मागाचा आवाज बदलला की विणकराला धागा तुटायच्या आधी कळतं, तशी त्यांची ती सवय होती. दोनदा तरी त्यांनी नुसत्या तळव्यानं आतला पंखा बिघडलेला ओळखला होता.

त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही होती. वर मराठीत लिहिलेलं, ‘कुठं तुटलं’. का तुटलं हे ते कधीच आधी लिहायचे नाहीत. आधी जागा शोधायची, मग कारण. घाईनं जॉब पुन्हा चालवायला गेलं की हात धरायचे. तुटल्यावर माग तसाच रेटला तर साडीभर रेघ पडते, म्हणायचे, आणि घडी घातलेली साडी छान दिसते, उलगडल्यावरच कळतं.

पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की हा माणूस खूश व्हायचा. मी घाबरलेली, आणि हे हसतायत. ‘बोललं बघ,’ म्हणायचे, ‘बोलतंय त्याची काळजी न्हाय गं. गप बसून अर्धं काम करतंय, त्याचं भ्या वाटतंय मला.’

मी नवी होते तेव्हा एक नवा जॉब लावला होता. हातानं चालवला की फाईल बिनबोभाट जायची, ठरल्या वेळेला आपोआप चालला की अडकायची. तीन दिवस मी त्याच्याशी झुंजले. चौथ्या दिवशी रडायच्या बेताला आले तेव्हा अण्णांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, कोण म्हणून चालवलंस? मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला उठवून औषधांच्या कोठाराकडे नेलं. वॉचमननं मला पाहिलं आणि दार उघडलं. अण्णांनी विचारलं, हिच्या जागी आज नवा कामाला लागलेला माणूस आला असता तर? वॉचमन म्हणाला, चिठ्ठीशिवाय सोडलं नसतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातानं चालवताना कॉम्प्युटर मला ओळखत होता. आपोआप चालताना तो जॉब दुसऱ्याच खात्यावरून चालायचा, आणि त्या खात्याला तिकडच्या फोल्डरात शिरायची परवानगी कुणी दिलीच नव्हती. परवानगी दिली, दोन मिनिटांत काम झालं. अण्णांनी वहीत लिहिलं, ‘दारात तुटलं.’ मला एका शब्दानं बोलले नाहीत.

शेवटच्या नावाचं हे वेड कुठून आलं, ते मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांचं आडनाव इंग्रजी अक्षरांच्या अगदी तळातलं. हायस्कुलात हजेरी त्या क्रमानं व्हायची. गुरुजींना कुणी हाक मारली, घंटा झाली, की पट मिटला जायचा आणि तळचा एकटा राहून जायचा. वर्षाच्या शेवटी वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगा लई दांड्या मारतो. वडिलांनी मागाच्या पट्ट्यानं मारलं. ‘रोज गेलतो गं मी शाळेला,’ अण्णा म्हणाले. ‘एक दिवस चुकवला न्हाय. पण पटावर न्हाय, म्हंजे न्हाय.’ हे सांगतानाही ते हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

आमची रिपोर्टांची यादीही त्याच क्रमानं लागायची.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धाकटी बहीण कणकुंबीला दिलेली, तिचे यजमान वारलेले. निवृत्त झाल्यावर ते वडगावची खोली सोडून तिच्याकडे राहायला गेले. निरोपसमारंभात शाल-नारळ झाला. मोठे डॉक्टर बोलले, मी बोलता बोलता अडकले. अण्णांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले, म्हणाले, सगळ्यांनी सांभाळून घेतलं, आणि खाली बसले. जाताना मला वही दिली आणि सांगितलं की फोन तेवढा सोडू नको.

मी चार महिने सोडला नाही. खोटं कशाला सांगू, तीन महिनेच. रोज सकाळचा सव्वा तास त्यात जायचा. माझ्यावर नवी कामं आली होती, नवे साहेब आले होते. ते माझ्या मागे उभे राहून ऐकायचे आणि विचारायचे, या काळात फोन करून नाव वाचून घेता? मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग मी डोकं लावलं. दुसरा जॉब फाईल उचलतो तेव्हा ती किती अक्षरांची आहे आणि तिकडे किती अक्षरांची उतरली, हे आपोआप ताडून पाहणारी एक तपासणी लिहिली. आकडे जुळले की हिरवी खूण, नाही जुळले तर माझ्या मोबाईलवर निरोप. पंधरा दिवस फोनही केले आणि तपासणीही पाहिली. रोज जुळलं. सोळाव्या दिवशी मी फोन बंद केला. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

पुढची गोष्ट मी सांगायला नको असं पुष्कळांचं म्हणणं आहे. हॉस्पिटलात कुणी मला दोष दिला नाही. पण अण्णांबद्दल सांगायचं आणि एवढंच गाळायचं, हे मला जमणार नाही.

फोन बंद होऊन महिना होत आला होता, त्या आठवड्यात रविवारी खानापूर भागात तपासणीचं मोठं शिबिर झालं. सोमवारी लॅबमध्ये नेहमीच्या कितीतरी पट नमुने आले. त्याच सोमवारी अण्णांनीही कणकुंबीच्या केंद्रात रक्त दिलं होतं, कारण महिनाभर त्यांना चालताना धाप लागत होती आणि बहिणीनं हट्ट धरला होता. मंगळवारी सकाळी पहिला जॉब फाईली लिहायला लागला आणि रिपोर्ट इतके होते की पंधरा मिनिटांत त्याचं लिहून झालं नाही. पावणेआठला दुसरा जॉब वेळेवर उठला. त्यानं जेवढं लिहून झालं होतं तेवढं उचललं आणि पाठवलं. कणकुंबीची फाईल शेवटी लिहिली जायची, ती मधेच तुटली. माझ्या तपासणीनं उचललेली अक्षरं मोजली, पोचलेली अक्षरं मोजली. दोन्हीकडे तेवढीच अर्धी फाईल होती, म्हणून आकडे जुळले आणि हिरवी खूण आली. मी पावणेआठचा तो हिरवा रंग बघून चहा प्याले, गरम.

बुधवारच्या फाईलीत फक्त नवे रिपोर्ट गेले. मंगळवारच्या फाईलीतून तुटलेली तळची नऊ नावं कुठेच नव्हती.

गुरुवारी सकाळी अण्णा बहिणीच्या ओट्यावर कोसळले. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मला खाली बोलावलं तेव्हा त्यांना रक्त चढवायला सुरुवात झाली होती. पोटात व्रण होता, आतल्या आत रक्त वाहत होतं. सोमवारच्या नमुन्यातच हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं होतं. लॅबनं ते सोमवारी रात्रीच डेटाबेसमध्ये लिहिलंही होतं. वॉर्डातल्या रोग्याचं असं काही दिसलं तर लॅब लगेच वर फोन करायची. खेड्यांसाठी फाईल होती.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला पाहून ओळखीचं हसले. बहीण पायाशी बसली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, ‘फोन बंद केलतीस व्हय?’

मी हो म्हटलं. तपासणी लिहिली होती, आकडे रोज जुळत होते, असं काहीबाही सांगत राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते, सर्व्हरपुढे उभे राहायचे तसे.

‘इकडनंच अर्धी गेली असणार,’ ते म्हणाले. ‘अर्धी गेली तर तिकडं अर्धीच पोचणार की. जुळतंयच ते. वहीत हाय बघ, पंधरा मिनिटांचं.’

मग माझा हात धरून हळू म्हणाले, ‘माझं ऱ्हाऊ दे. माझ्याबरोबर आणि कोण कोण तुटलंय ते बघ आधी. जा.’

मी वर गेले. वही काढली. खरंच होतं, मधल्या एका पानावर, ‘पहिला जॉब लांबला तर पंधरा मिनिटं कमी पडतील. कंपनीला दोनदा लिहिलं. हात लावू देत नाहीत. तोवर फोन.’ हे पान मी चार महिन्यांत एकदाही उघडलं नव्हतं. वही माझ्या कपाटात, निरोपसमारंभाच्या फोटोखाली ठेवलेली होती. मी त्या नऊ जणांचे रिपोर्ट काढून पाठवले आणि कणकुंबीला फोन लावला. नर्सबाई फणसाखाली आल्या. बाकीच्या आठांत तातडीचं काही नव्हतं, देवाचे उपकार. बोलता बोलता त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

अण्णा कणकुंबीला राहायला गेल्यापासून रोज सकाळी फिरत फिरत केंद्रावर यायचे, फणसाच्या पारावर बसायचे आणि माझा फोन येईपर्यंत थांबायचे. नाव वाचून झालं की मनाशी मान हलवून घरी जायचे. माझा फोन यायचा बंद झाला तेव्हा नर्सबाईंनी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, पोरीनं काहीतरी सुधारणा केली असणार. मंगळवारी आणि बुधवारी त्यांचा रिपोर्ट आला नाही, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, बेळगावला फोन लावू काय? ‘नको म्हणाले बघा,’ नर्सबाई मला म्हणाल्या. ‘म्हणाले, तिला वाटंल म्हातारा अजून तपासाय लागलाय. यील की उद्या.’

मी फोन ठेवला आणि खाली जाऊन त्यांना सांगितलं की सगळे नऊ पोचले. त्यांनी विचारलं, शेवटचं नाव वाचून घेतलंस? मी म्हटलं, घेतलं, तुमचंच आहे. ‘आयतु,’ म्हणाले. आणखी काय बोलणार होते कोण जाणे, पण नर्स आली आणि मला बाहेर काढलं.

शुक्रवारी ते बरे दिसत होते. चार बाटल्या रक्त चढलं होतं, संध्याकाळी पुन्हा नमुना घेतला. बहिणीला म्हणाले, भाकरी खावीशी वाटते. मी माफी मागायला शब्द जुळवून गेले होते, तर त्यांनी विषयच काढू दिला नाही. पहिल्या जॉबनं लिहिताना फाईलीला कच्चं नाव द्यायचं आणि लिहून पुरी झाली की मगच खरं नाव ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या जॉबला अर्धी फाईल दिसणारच नाही, हे मला समजावत बसले. कंपनीनं आता परवानगी दिली होती. ते करायला मला वीस मिनिटं लागली. शनिवारच्या पहाटे त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस शरीर रक्ताविना ओढत होतं, हृदयानं ते सोसलं नाही. आधी आणलं असतं तर वाचले असते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. चांगला माणूस आहे, म्हणून तसं म्हणाला.

बहीण वडगावच्या भाऊबंदांना कळवत होती. मला कुणी घरी जा म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. आठ वाजता कँटीनमधून सवयीनं चहा आला. एकच. मी त्यावर बशी पालथी घातली आणि फोन हातात घेतला. पाच केंद्रं झाली, पाचांची शेवटची नावं जुळली. मग कणकुंबीला लावला. नर्सबाईंना अजून काही कळलेलं नव्हतं. त्या आत गेल्या, फाईल उघडली, तळहातावर लिहिलं आणि फणसाखाली आल्या. त्यांचा आवाज आनंदी होता.

‘शेवटचं नाव अण्णांचंच हाय बघा,’ त्या म्हणाल्या. ‘कालचा रिपोर्ट आलाय. रक्त लई वाढलंय की हो, चांगलं झालं. घरी निरोप देऊ काय?’

छापील यादीवर माझं बोट त्याच नावावर होतं. फाईल पुरी पोचली होती, एकही ओळ तुटली नव्हती. मी नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी तळहातावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

मग मी वही उघडून तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘पुरी पोचली.’ बशी काढली. चहावर साय धरली होती. तो मी मुकाट्यानं प्याले.